टायरचं माप वाढलं आणि कारखान्यांना कुलूप लागलं

मारुती 800 ला 145/70 आर 12 मापाचा टायर लागायचा. आजच्या क्रेटाच्या वरच्या मॉडेलला 215/60 आर 17 लागतो. हे आकडे टायरच्या बाजूवर ठळक छापलेले असतात, पण पंक्चरवाला सोडला तर सहसा कुणी ते वाचत नाही. वाचायला मात्र सोपे आहेत. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. तिरक्या रेघेनंतरचा आकडा बाजूच्या भिंतीची उंची, म्हणजे रुंदीच्या किती टक्के ते. 'आर' म्हणजे रेडियल, हा टायरच्या बांधणीचा एक प्रकार. आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत.

या शेवटच्या आकड्याने गेल्या काही वर्षांत युरोपात हजारो कामगारांना घरी बसवलंय.

2018 च्या नोव्हेंबरमध्ये मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीने स्कॉटलंडमधल्या डंडीचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं. 845 कामगार. तिथे 16 इंच आणि त्याखालचे टायर बनत. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या बामबर्गची पाळी आली. तिथे 858 कामगार होते आणि मुख्य माल पुन्हा 16 इंची. 2020 मध्ये ब्रिजस्टोनने फ्रान्समधल्या बेथ्यूनचा कारखाना बंद करणार म्हणून सांगितलं, 863 कामगार, तोही छोट्या व्यासाच्या टायरांचा. त्याच महिन्यात कॉन्टिनेंटलने आखेनचं जाहीर केलं, सुमारे 1800 नोकऱ्या. 2023 मध्ये गुडइयरने फुल्डा आणि फ्युर्स्टनवाल्डे ही जर्मन ठिकाणं यादीत टाकली, मिशलिनने कार्ल्सरुहे आणि ट्रिअर. 2024 मध्ये मिशलिननेच फ्रान्समधली शोले आणि व्हान, मिळून 1254 कामगार.

यावरून वाटेल की युरोपातले लोक गाड्या चालवेनासे झाले. तसं काही नाही. रस्त्यावरच्या गाड्या कमी झालेल्या नाहीत आणि टायर झिजायचे थांबलेले नाहीत. विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरांपैकी ढोबळमानाने तीन-चतुर्थांश टायर जुन्या गाड्यांना बदली म्हणून जातात, त्यामुळे नव्या गाड्यांचा धंदा मंदावला तरी टायरचा पूर्ण झोपत नाही. टायर खपतायत, पण वेगळे टायर खपतायत.

मग कारखान्याने वेगळे टायर बनवावेत, त्यात काय एवढं? हे समजायला टायर बनतो कसा ते जरा जवळून बघावं लागेल.

रबर, काजळी (कारखान्यात तिला कार्बन ब्लॅकच म्हणतात), गंधक, तेल हे सगळं एका दणकट मिक्सरमध्ये मळलं जातं. त्यातून वेगवेगळ्या पट्ट्या निघतात. कापडाच्या आणि पोलादी तारांच्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी रबर चढवलं जातं. मग एका फिरत्या ड्रमवर हे थर एकावर एक गुंडाळतात: आतला हवाबंद थर, त्यावर कापडी थर, दोन्ही कडांना रिममध्ये घट्ट बसणारी बीडची तार, बाजूच्या भिंती, वरून पोलादी पट्टे आणि शेवटी रस्त्याला टेकणारा जाड थर. या अवस्थेतला टायर मऊ, गुळगुळीत आणि नक्षी नसलेला असतो. बोटाने दाबला तर ठसा उमटतो. हा कच्चा टायर प्रेसमध्ये जातो. आतून रबरी फुगा त्याला वाफेच्या दाबाने साच्यावर रेटतो, आणि दीडशे अंशांच्या वरच्या उष्णतेत दहा-पंधरा मिनिटं भाजून निघाल्यावर जो बाहेर येतो तो आपल्या ओळखीचा टायर. बाजूवरचे ते 145/70 आणि 215/60 सुद्धा साच्यातच कोरलेले असतात.

साचा बदलता येतो, रोजच बदलतात. अडचण साच्याच्या पलीकडे आहे. ड्रम ठरावीक व्यासांपुरतेच मागेपुढे होतात. प्रेसच्या पोटात किती मोठा साचा मावेल याला मर्यादा असते. कच्चे टायर उचलून नेणाऱ्या हातगाड्या, सरकते पट्टे, तपासणीची यंत्रं, सगळं एका आकाराच्या मालासाठी बसवलेलं असतं. 13 ते 16 इंचांसाठी उभारलेल्या कारखान्यात 19-20 इंची टायर काढायचा तर अर्धा कारखाना उपटून पुन्हा बसवावा लागतो. इमारत साठच्या-सत्तरच्या दशकातली असेल आणि चारी बाजूंनी शहर वाढलं असेल, तर नवी यंत्रं ठेवायची कुठे इथपासून प्रश्न सुरू होतो. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या आर्डमोरचा कारखाना 1970 चा. 2023 मध्ये तिथलं टायर उत्पादन थांबवायचं ठरवताना मिशलिनने हेच म्हटलं, की मोठ्या व्यासाच्या टायरांसाठी तो बदलणं परवडणारं नाही. तिथे सुमारे 1400 माणसं कामाला होती.

त्यात टायरचा कारखाना निम्मा चालवून भागत नाही. यंत्रांचा घसारा, वाफेचा बॉयलर, इमारत, बांधलेला पगार हे खर्च टायर कमी निघाले म्हणून कमी होत नाहीत. उदाहरणापुरतं, एका कारखान्याचा हा ठरलेला खर्च वर्षाला 500 कोटी रुपये आणि क्षमता एक कोटी टायरांची धरा. कारखाना पूर्ण चालला तर टायरमागे 500 रुपयांचा बोजा. मागणी घसरून 60 लाखच टायर निघाले तर तोच बोजा 833 रुपये. स्वस्त टायरच्या बाजारात टायरमागे तीनशे रुपये महाग पडणं म्हणजे धंदा गेला. म्हणून कंपन्या तीन कारखाने साठ-साठ टक्क्यांवर चालवण्यापेक्षा एक बंद करून उरलेले दोन भरभरून चालवतात. बंद होणाऱ्या कारखान्यातला माणूस म्हणतो, आमच्या मालात खोट काय? बहुतेक वेळा काहीच नसते.

आता मोठ्या टायरांची ओढ कुठून आली? एसयूव्ही हे सरळ उत्तर. गाडी उंच आणि जड झाली की चाक मोठं लागतं. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचं वजन आणखी भर घालतं, वर मोटर पहिल्याच झटक्याला पूर्ण जोर लावते, त्यामुळे अशा गाड्यांचे टायर लवकर झिजतात. आणि खरं सांगायचं तर बराचसा भाग निव्वळ दिसण्याचा आहे. मोठा अलॉय आणि त्याभोवती पातळ टायर शोरूममध्ये झकास दिसतो, मग खड्ड्यात गेल्यावर साइडवॉलला फुगा येतो तो भाग वेगळा. कंपन्यांनाही हे हवंच आहे. 18 इंच आणि त्यावरच्या टायरमध्ये नफा चांगला सुटतो. मिशलिन ब्रँडच्या कार टायरांच्या विक्रीत या मापांचा वाटा आता निम्म्याहून जास्त आहे.

16 इंची टायर मात्र बाजारातून गेलेला नाही. युरोपातल्या जुन्या गाड्या अजून त्याच मापावर धावतायत आणि बरीच वर्षं धावतील. पण हे माप आता जगात कुणीही बनवतं. चीन, थायलंड, व्हिएतनाममधले नवे कारखाने ते चांगल्यापैकी बनवतात आणि स्वस्त देतात. दहा वर्षं जुन्या गाडीला महागडा टायर कोण घालणार? ज्याला परवडतं तो वरच्या ब्रँडकडे जातो, ज्याला गाडी नुसती चालू ठेवायची आहे तो सर्वात स्वस्त टायर उचलतो. 'बऱ्यापैकी दर्जा, बऱ्यापैकी किंमत' हे मधलं दुकान ओस पडलं, आणि युरोपातल्या कित्येक जुन्या कारखान्यांचा माल नेमका या मधल्या वर्गातला होता.

शोलेचा कारखाना कारचे नव्हे तर व्हॅनचे टायर बनवायचा. घरपोच माल पोचवणाऱ्या व्हॅन वाढल्या, म्हणजे त्याला सुगी यायला हवी होती. पण पार्सलमागे पैसे मिळवणारा माणूस टायर विकत घेताना कंपनीचं नाव बघत नाही, किंमत बघतो. व्हानच्या कारखान्याची गंमत आणखी वेगळी. तिथे टायर बनतच नव्हते, टायरच्या पोटात जाणाऱ्या पोलादी तारा बनत. जवळपासचे टायर कारखाने एकेक करून मिटले की तारा घेणार कोण? युक्रेन युद्धानंतर युरोपात गॅस आणि विजेचे भाव भडकले तेही याच काळात, आणि टायर भाजायला वाफ लागते.

ट्रकच्या टायरांचं गणित याहून मजेशीर आहे. चांगल्या ट्रक टायरचा सांगाडा मजबूत असतो. वरची नक्षी झिजली की त्यावर नवा थर चढवायचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत रिमोल्ड करायचा, आणि पुन्हा लाखभर किलोमीटर पळवायचा. महागडा टायर घेण्यामागचा हिशेब हाच: आज जास्त मोजा, पुढे एक-दोन रिमोल्डमध्ये वसूल करा. युरोपात जेव्हा चिनी नवा टायर जवळपास रिमोल्डच्याच भावात मिळायला लागला, तेव्हा हा हिशेब कोसळला. रिमोल्डवाले बसले, आणि 'आमचा टायर पुन्हा वापरता येतो' हे मोठ्या कंपन्यांचं हुकमी विक्रीवाक्यही बसलं. युरोपीय संघाने 2018 मध्ये चिनी ट्रक-बस टायरांवर अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे पडत्या भावात ओतलेल्या परदेशी मालावरचा जादा कर, लावलं. तरीही ट्रकचे टायर बनवणारा मिशलिनचा ला रोश-सुर-यॉनचा कारखाना 2020 मध्ये बंद झालाच.

शुल्काने कारखाने वाचतात का, याचं मोजमाप अमेरिकेत झालेलं आहे. 2009 मध्ये ओबामा सरकारने चिनी कार टायरांवर पहिल्या वर्षी 35 टक्के जादा कर लावला, पुढची दोन वर्षं 30 आणि 25. चीनमधून येणारे टायर घटले. पण ती जागा अमेरिकी कारखान्यांनी कमी आणि इंडोनेशिया, थायलंडसारख्या देशांनी जास्त भरून काढली. वॉशिंग्टनमधल्या पीटरसन इन्स्टिट्यूट या अर्थविषयक अभ्याससंस्थेने 2012 मध्ये हिशेब मांडला: फार तर 1200 नोकऱ्या वाचल्या, आणि 2011 या एका वर्षात ग्राहकांनी त्यापोटी जो जादा पैसा मोजला तो एका नोकरीमागे किमान नऊ लाख डॉलर पडला. त्या 1200 जणांच्या घरी या हिशेबाचं काय मोल, हे मी सांगू शकत नाही. पण धोरण म्हणून हा सौदा महागच.

जर्मनीत आणखी एक बदल घडतोय. तिथे उन्हाळी आणि हिवाळी असे टायरांचे दोन संच ठेवायची पद्धत आहे, कारण बर्फ-निसरड असताना हिवाळी टायर सक्तीचे. आता बारमाही टायर सुधारले, त्यांच्यावर हिमकणाचं मान्यताचिन्ह असलं की कायद्यालाही चालतात, म्हणून लोक एकाच संचावर भागवायला लागले. यामुळे टायरांचा एकूण खप निम्मा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दोन संच आलटून-पालटून वापरले की प्रत्येक निम्माच झिजतो. खप फारसा बदलत नाही, पण कुठला टायर कधी आणि कुठल्या कारखान्यात लागणार हे बदलतं. उन्हाळ्यात हिवाळी टायर बनवून गोदामं भरून ठेवणाऱ्यांचं वेळापत्रक कोलमडतं.

हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. मागणी बदलल्यामुळे टायर कारखान्यांची सर्वात मोठी पडझड अमेरिकेत झाली, आणि तिचं कारण स्वस्त माल नव्हता, चांगला माल होता.

ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे एके काळी जगाची रबर राजधानी म्हणवून घ्यायचं. गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन, जनरल, सगळे तिथलेच. हे सगळे बायस टायर बनवत. बायसमध्ये दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदत जातात. गाडी चालताना हे थर एकमेकांवर घासतात, टायर तापतो आणि लवकर झिजतो. आपले ट्रकवाले याला 'नायलॉन टायर' म्हणतात. मिशलिनने 1946 मध्ये रेडियलचं पेटंट घेतलं आणि 1949 मध्ये तो बाजारात आणला. यात दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडव्या जातात आणि वरून पोलादी पट्टे बसतात. बाजूची भिंत हवी तशी लवते, वरचा पट्टा रस्त्यावर सपाट टेकून राहतो. इंधन वाचतं, आणि टायर दुप्पट किंवा त्याहून जास्त चालतो.

दुप्पट चालतो, म्हणजे निम्मेच विकले जातात. अ‍ॅक्रनच्या कंपन्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. म्हणून तर त्यांनी साठच्या दशकात बायसलाच पट्टे लावलेला मधला प्रकार पुढे रेटला, जो जुन्या यंत्रांवर निघत होता. 1973 च्या तेलसंकटाने तो बेत उधळला, कारण तेल वाचवणारा टायर आता ग्राहकच मागायला लागला. फायरस्टोनने घाईघाईत काढलेला '500' हा रेडियल इतका बिघडला की 1978 मध्ये एक कोटीहून जास्त टायर परत घ्यावे लागले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत एकामागून एक कारखाने बंद झाले. 1987 मध्ये जनरल टायर कॉन्टिनेंटलकडे गेली, 1988 मध्ये फायरस्टोन ब्रिजस्टोनकडे आणि 1990 मध्ये युनिरॉयल-गुडरिच मिशलिनकडे. अ‍ॅक्रनच्या बड्या नावांपैकी अमेरिकी हातात गुडइयर तेवढी उरली.

अ‍ॅक्रनने टाकलेलं हे बायसचं तंत्र मात्र मेलं नाही. ट्रॅक्टर, फोर्कलिफ्ट, खाणीतली वाहनं यांना ते अजून चालतं. अशा वाहनांचा वेग कमी असतो, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न तेवढा येत नाही. मापं शेकड्यांनी आणि प्रत्येक मापाची ऑर्डर छोटी, म्हणजे यंत्रं कमी, हात जास्त. मोठ्या कंपन्यांना हा धंदा कटकटीचा वाटतो, आणि तिथे आपली माणसं शिरली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला कारखाना असलेल्या बालकृष्ण इंडस्ट्रीजने, म्हणजे बीकेटीने, याच मालावर युरोपची बाजारपेठ कमावली. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईच्या सिएटने मिशलिनकडून कॅमसो हा ब्रँड, बांधकाम-यंत्रांच्या बायस टायरांचा धंदा आणि श्रीलंकेतले कारखाने घ्यायचं जाहीर केलं, सुमारे 22.5 कोटी डॉलरना.

भारतीय कंपनी असली म्हणून ती युरोपातल्या गणितातून सुटते असं मात्र नाही. अपोलो टायर्सने 2009 मध्ये नेदरलँड्सची फ्रेडेस्टाइन ही शंभर वर्षं जुनी कंपनी घेतली. पुढे हंगेरीत नवा, मोठा कारखाना उभारला. आणि 2025 मध्ये फ्रेडेस्टाइनचा एन्शेडेचा मूळ कारखाना 2026 च्या उन्हाळ्यापर्यंत बंद करायचं ठरवलं. सुमारे 500 कामगार. निर्णय अपोलोच्या गुडगावचा असो की मिशलिनच्या क्लेरमाँ-फेराँचा, कागदावरची बेरीज-वजाबाकी एकच.

सगळं खापर मागणीवर फोडण्यातही अर्थ नाही. बंगालमधल्या साहागंजचा डनलॉप कारखाना 1936 चा, देशातला पहिला. तिथे 2011 मध्ये काम थांबलं तेव्हा देशात टायरला मागणी जोरात होती. मालक बदलत गेले, पैसा घातला गेला नाही, कारखाना खंगला. तो ग्राहकाने बंद पाडला असं म्हणणं मालकांना फुकट सोडून देणं होईल.

आपल्याकडे बाजार वाढता आहे, त्यामुळे 12-13 इंची टायरांची मागणी घटली तरी कंपन्या त्याच आवारात मोठ्या मापांची नवी रांग टाकतात आणि माणसं तिकडे हलवतात. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त आता एसयूव्ही वर्गातल्या आहेत, तरी कारखान्यांना कुलूप लागल्याची बातमी फारशी येत नाही, ती यामुळे. ट्रकमध्ये मात्र बायसकडून रेडियलकडे जाण्याचा जो प्रवास अमेरिकेने पन्नास वर्षांपूर्वी केला तो आपण आत्ता करतोय. जादा माल भरण्याची सवय, खराब रस्ते आणि रेडियलची चढी किंमत यामुळे नायलॉन इथे दीर्घकाळ टिकला. रस्ते सुधारले, टोलवर वजनकाटे आले, डिझेल महागलं, तसे वाहतूकदार रेडियलवर गेले. याचा पहिला फटका कारखान्यांना नव्हे, हायवेवरच्या रिमोल्डवाल्यांना बसतोय. नायलॉन टायर साच्यात घालून गरम पद्धतीने रिमोल्ड होतो. रेडियलला बहुतेक ठिकाणी आधीच नक्षी उठवलेला पट्टा चिकटवायची 'कोल्ड' पद्धत वापरतात. तिला वेगळा चेंबर लागतो, टायरचा सांगाडा तपासायची यंत्रं लागतात, आणि ट्रकमालक कंपनीच्या नावाचं सेंटर शोधतो. ज्यांच्याकडे जुने गरम साचे आहेत ते सध्या ट्रॅक्टरचे मागचे टायर आणि ट्रॉलीचे टायर यांवर दिवस काढतायत.